कानाची खाच खोडू नका

रस्त्यावरून घरी आणलेलं गावरान कुत्रं गेल्यावर त्याचं कोळशाने चित्र काढताना पहिली चूक होते ती त्याला देखणं करण्याची. फाटका कान शिवला जातो, नाकावरचा ओरखडा बुजतो. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला भुलेत असतानाच खाच पाडतात, लांबून ओळखू यावं म्हणून. ती खाच काढली नाही तर ते कुणाचंही कुत्रं.

मोबाइलमधले बहुतेक फोटो वाकून, अगदी जवळून घेतलेले असतात. त्यात नाक बटाट्याएवढं आणि कान बारीक दिसतात. पाच-सहा फुटांवरून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरचा फोटो शोधा. नसला तर व्हिडिओ थांबवून चौकट निवडा. भर दुपारच्या उन्हातला नको. आपल्याकडच्या वैशाखात डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे येतात.

प्रिंट १२ × १८ सेंमीची, तिच्यावर १ सेंमीच्या चौकटी. ए-थ्री कार्ट्रिज कागदावर (चित्रकलेचा जाडसर, किंचित खरखरीत कागद) २ सेंमीच्या, अगदी फिक्या. मग एकेक चौकट बघून दुप्पट आकारात उतरवायची. गुळगुळीत आयव्हरी शीट घेऊ नका, कोळसा तिच्यावर ठरत नाही, झडतो.

सुरुवात डोळ्यापासून. बुबुळाचा वरचा भाग पापणीच्या सावलीने गडद, खालचा उजळ. चमकेचा ठिपका कोरा कागद म्हणूनच सोडायचा. नंतर पांढऱ्या पेन्सिलीने दिला की डोळा मेल्यासारखा दिसतो. आधी मऊ विलो चारकोल, म्हणजे विलोच्या काड्यांचा कोळसा वापरा. कॉम्प्रेस्ड चारकोल (दाबून बनवलेली गडद कांडी) शेवटी, तोही फक्त बाहुली आणि नाकपुड्यांत, कारण तो नीट खोडला जात नाही. सगळे केस काढत बसू नका. नाकाकडून कपाळाकडे जाणारी त्यांची दिशा तेवढी सांभाळा. बोटाने घासलं तर बोटाचा तेलकटपणा लागून डाग पडतात, म्हणून कागदाची सुरळी वापरा आणि हाताखाली कोरा कागद ठेवा.

तांबूस अंगाला किराणा दुकानातला गेरू उत्तम. मलमलीतून दोनदा चाळून कोरडाच कापसाने चोळायचा. एक खडा राहिला की कागदावर चरा उठतो. गेरू म्हणजे लोखंडाचंच ऑक्साइड, उन्हाने फिका पडत नाही.

फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, फूटभर अंतरावरून, दोन-तीन पातळ हात, सकाळच्या गारव्यात. तापल्या वाऱ्यात थेंब कागदावर पोचेपर्यंत सुकतात आणि भुकटी बसते. जाड हात दिला तर फिक्या छटा बुडतात.

घरातलं कुणी ‘कुत्र्याचं चित्र भिंतीवर कशाला’ म्हणालं, तर खंडोबाचा टाक बघायला सांगा. घोड्याच्या पायाशी कुत्रं असतंच की.

फ्रेममध्ये काच आणि चित्र यांमध्ये माउंट बोर्ड, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची किनार हवीच. काच टेकली की कोळसा तिला चिकटतो आणि पावसाळ्यात आत बुरशी धरते. मातीच्या भिंतीवर लावणार असाल तर मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. हवा खेळती राहते, आणि वाळवीची नळी वर चढू लागली तर फटीतून दिसते.