पुढचा दिवा

कोल्हापुरात सायकलच्या दुकानात जाऊन आज डायनॅमो, म्हणजे चाकाच्या फिरण्यावर दिव्यासाठी वीज करणारं यंत्र मागा, दुकानदार रॉकेलची चिमणी मागितल्यासारखं बघतो. “आता कोण लावतंय काका ते? बॅटरीचा घ्या की, लई उजेड पडतोय!”

पडतो खरा. पण कुठे? संध्याकाळी रंकाळ्यावर बघा. समोरून बॅटरीचा झगझगीत दिवा आला की फिरायला आलेली माणसं डोळ्यांवर हात धरतात. झाडाच्या शेंड्यापर्यंत उजेड आणि चाकापुढचा खड्डा अंधारात. त्यातून तो दिवा उघडझाप करणारा असेल तर बोलायलाच नको. शिवाय पूर्ण उजेडावर ठेवला की दोन-तीन तासांत मान टाकतो.

डायनॅमोला चार्जिंगची कटकट नाही, पण त्याची नाटकंही कमी नव्हती. खटका दाबला की खाचांचं ते बोंडूक टायरच्या कडेला टेकायचं, आत चुंबक फिरायचं, आणि पायडल लगेच जड लागायचं. सगळी मिळकत ६ व्होल्ट, ३ वॅट. त्यातले २.४ पुढच्या बल्बला, ०.६ मागच्याला. मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाटणीचा करंट पुढच्यात शिरायचा आणि उतारावर तोही उडायचा. भाऊबंदकीच ती! जुलैच्या झडीत ओल्या टायरवर बोंडूक घसरायचं ते वेगळंच. आता चाकाच्या तुंब्यातच, म्हणजे आरे जिथे जुळतात त्या मधल्या भागात बसवलेला डायनॅमो मिळतो, तो घसरत नाही. बल्बच्या जागी एलईडी आल्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये रस्ता कितीतरी लांबपर्यंत दिसतो. मात्र त्यासाठी चाक नव्याने विणावं लागतं आणि खर्च ऐकून घरच्यांपुढे विषय काढवत नाही. जर्मनीत २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमो कायद्यानेच सक्तीचा होता. तिथल्या घरच्यांचा प्रश्नच मिटला.

मला डायनॅमो पटतो तो पन्हाळ्याच्या रस्त्यावर. वाघबीळचा चढ पहाटे अंधारात चढताना सायकल चालीच्या वेगाने जाते, दिवा मिणमिणतो. मिणमिणू दे. त्या वेगात खड्डा पायालाच कळतो, आणि दम लागलेल्या माणसाला लांबचं बघून करायचंय काय? उतरताना मात्र वेग वाढेल तसा उजेड वाढत जातो. वळणावरची खडी, कडेला बसलेलं कुत्रं, रस्त्यावर सांडलेली माती, सगळं वेळेत दिसतं. जेवढी गरज तेवढा उजेड, बटण न दाबता. बॅटरीचा दिवा चढावरही तेवढाच जळतो आणि नेमका उतारावर चार्जिंग संपत आल्याचा लाल ठिपका दाखवायला लागतो.

थांबलं की डायनॅमो विझतो, हे खरंच. नव्या दिव्यांत थोडी वीज साठवलेली असते, त्यावर सिग्नल निघून जातो. पंक्चर काढायला ती पुरत नाही, तिथे खिशातला मोबाईल आहे.

मागच्या दिव्याला मात्र मी बॅटरीच लावेन. ऊसाचा सीझन सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचे डोंगर, आणि ड्रायव्हर टेपचा आवाज वाढवून निवांत. अशा वेळी कडेला सायकल उभी करून चेन बसवत असलो, तरी मागे लाल दिवा पेटलेला हवा.