तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं ठाऊक असताना काय बघायचं?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या टीव्ही मालिकेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. “तुम्ही तर पुस्तकं आधीच वाचली होती. कोण मरणार, कोण फितूर होणार, सगळं माहीत. मग टीव्हीवर बघायचं काय उरलं होतं?” तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. मी पडद्याकडे जेवढी बघत होते, तेवढीच शेजारी बसलेल्या माझ्या धाकट्या भावाकडे बघत होते.

ती मालिका ज्यांवर बेतली, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पुस्तकमालेतलं पहिलं पुस्तक १९९६ सालचं, तिसरं २००० सालचं. एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर मालिका सुरू झाली एप्रिल २०११मध्ये. तिसरं पुस्तक मी २००९मध्ये होस्टेलवर वाचलं आणि त्यातल्या त्या लग्नाशी, ज्याला सगळे ‘रेड वेडिंग’ म्हणतात, येऊन थांबले. पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलंच नाही. बोलायला कोणी नव्हतं, कारण माझ्या ओळखीत ती पुस्तकं दुसऱ्या कोणी वाचलेली नव्हती. पुढची चार वर्षं ते एकटीनंच मनात ठेवलं.

प्रसंग थोडक्यात असा. रॉब स्टार्क हा उत्तरेचा तरुण राजा. युद्धाच्या घाईत नदीवरचा पूल ओलांडायला मिळावा म्हणून तो वॉल्डर फ्रे या म्हाताऱ्या सरदाराला शब्द देतो, की तुमच्या घरच्या मुलीशी लग्न करीन. आणि लग्न करतो भलत्याच मुलीशी. मग समेट म्हणून त्याचा मामा फ्रे घराण्यातल्या मुलीशी लग्नाला उभा राहतो आणि सगळं लटांबर फ्रेच्या गढीवर जातं. यजमान पाहुण्यांना पाव आणि मीठ देतो. त्या जगाचा कायदाच आहे, की घरचा पाव-मीठ खाल्लेल्या पाहुण्याच्या केसालाही त्या छपराखाली धक्का लागता कामा नये. जेवणं होतात, नवरा-नवरीला खोलीत पाठवतात, दारं लागतात, वादक भलतंच गाणं सुरू करतात. आणि राजा, राजाची आई, बाहेर तंबूत बसलेलं सैन्य, सगळे कापले जातात.

अमेरिकेत तो भाग २ जून २०१३ला दाखवला गेला. भावानं त्याच आठवड्यात आमच्या हॉलमध्ये, मांडीवर लॅपटॉप घेऊन पाहिला. तो खुशीत होता. त्याच्या हिशेबानं राजाची फौज आता वाढणार होती. मी शेजारी बसले आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. कॅटलिन, म्हणजे राजाची आई, शेजारच्या सरदाराची बाही वर सारते आणि आत लोखंडी कड्यांचं चिलखत दिसतं. लग्नाच्या पंगतीला चिलखत! बसल्या जागी पाय हलवायची सवय आहे माझ्या भावाला. तो पाय तिथे थांबला. शेवटी कॅटलिनचा गळा चिरला जातो आणि पडदा काळा. श्रेयनामावली सुरू होते आणि तिच्यामागे संगीतच नाही. एरवी नावं दिसायला लागली की हा लॅपटॉप मिटून मोकळा. त्या दिवशी शेवटच्या नावापर्यंत तसाच बसून राहिला.

आई स्वयंपाकघरातून आली, त्याचा चेहरा बघून घाबरली. “कोण गेलं रे?” त्यानं तुटक तुटक सांगितलं. आईला त्या मालिकेतलं एक नाव माहीत नाही, ड्रॅगन नाही की सिंहासन नाही. ती खुर्चीत टेकली आणि म्हणाली, “मीठ खाऊ घालून मारलं?”

गंमत अशी की आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं ते खाणाऱ्यानं. मार्टिन यांनी तेवढंच बंधन वाढणाऱ्यावरही घातलं. तरी आईला ते फोड करून सांगावं लागलं नाही. पानावर बसलेल्या माणसाला उठवू नये, एवढं कळणाऱ्या कुणालाही तो भाग कळतो. मुळात मार्टिन यांना हे सुचलं स्कॉटलंडच्या इतिहासावरून. १४४० साली एडिंबराच्या किल्ल्यात डग्लस घराण्यातल्या दोन कोवळ्या भावांना जेवायला बोलावून मारलं. १६९२मध्ये ग्लेन्कोत तर पाहुणे म्हणून जवळजवळ दोन आठवडे राहिलेल्या सैनिकांनी यजमानांनाच पहाटे कापलं.

त्याच सुमारास पुस्तकं वाचलेल्या अनेकांनी आपल्या बेसावध मित्रांचं, बायकोचं गुपचूप चित्रीकरण करून ते व्हिडिओ टाकले. कोणी उशी तोंडावर दाबतंय, कोणी नुसतंच नाही नाही म्हणतंय. मीही ते पुष्कळ पाहिले. पण भावावर कॅमेरा धरणं मला जमलं नसतं. ते दुःख त्याचं होतं.

पुढे २०१६च्या सहाव्या सीझनपासून मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. पाचवं पुस्तक २०११चं, सहावं अजून यायचंय. आता आम्ही दोघंही सारखेच अडाणी. तिकडचे रविवारी रात्रीचे नऊ म्हणजे आपले सोमवारी सकाळचे साडेसहा. शेवटच्या सीझनला आम्ही चहाचे कप घेऊन एकत्र बसायचो. २० मे २०१९च्या सकाळी सगळं संपलं तेव्हा तो रडला नाही, चिडला. असे चिडलेले जगभर होते. शेवटचा सीझन पुन्हा बनवा या मागणीवर १५ लाखांहून जास्त सह्या झाल्या.

लोकांना गोड शेवट हवा होता म्हणून ते चिडले, हे मला पटत नाही. याच लोकांनी रॉबचं मरण पचवलं होतं, कारण त्या मरणाची एकेक वीट आपल्या डोळ्यांदेखत रचली गेली होती. शब्द मोडला, म्हातारा अपमान गिळून बसला, दारं लागली. शेवटच्या सीझनला मात्र पहिल्या सहा सीझनना होते तसे दहा भाग नव्हते, सहाच होते. शरणागतीच्या घंटा वाजत असताना डेनेरिस, म्हणजे ड्रॅगनवाली राणी, शहर का जाळते, हे प्रेक्षकाला स्वतःच जुळवून घ्यावं लागलं. ती जाळेल हे मला अशक्य वाटत नाही. पण तिथवर जायला जो वेळ हवा होता, तो दिला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या उन्हाळ्यात भावानं माझी पुस्तकं मागून नेली. ऑगस्टमध्ये एका रात्री बाराला त्याचा फोन. तिसऱ्या पुस्तकातल्या त्या लग्नाशी पोचला होता. “ताई, टीव्हीवर हे नव्हतं गं,” म्हणाला. मला कळलं तो कुठे आहे ते. पुस्तकात आपण कॅटलिनच्या डोक्यात असतो. मुलगा समोर मेलेला, तिचं भान सुटलेलं, कोणीतरी तिचे केस धरून मान मागे ओढतं, आणि तिच्या मनात येतं की केस नका कापू, नेडला माझे केस फार आवडतात. नेड म्हणजे तिचा नवरा, तो केव्हाच गेलेला.

फोनवर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग त्यानं विचारलं, “तुला हे तेव्हापासून माहीत होतं?”

“हो,” म्हटलं. “दोन हजार नऊपासून.”