कामावर लागलं तर कामावरच लागलं म्हणा

पॅलेटवरचा बॉक्स उतरवताना उजव्या खांद्यातून जी कळ गेली, तिच्यापेक्षा जास्त मला सुपरवायझरचं बोलणं लागलं. माणूस आपल्याच देशातला. बोलला हिंदीत, तेही आपुलकीने: "घर पे गिर गई बोल देना. दो-तीन दिन सिक लीव्ह ले लो. डब्ल्यूएसआयबी के चक्कर में मत पड़ना."

डब्ल्यूएसआयबी म्हणजे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचं कामगार-भरपाई मंडळ. मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या गोदामांत राबणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव माहीत असतं, पण भीती म्हणून. क्लेम केला की मालकावर केस केली, शिफ्ट बंद होणार, पीआरच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) फाइलला डाग लागणार, असं एकजण दुसऱ्याला सांगतो आणि दुसरा तिसऱ्याला.

क्लेम म्हणजे केस नव्हेच. न्यायाधीश विल्यम मेरेडिथ यांनी 1913 मध्ये अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. कामगाराने मालकाला कोर्टात खेचायचं नाही, त्याबदल्यात चूक कोणाची हे न पाहता त्याला भरपाई मिळायची, असा तो सौदा. निधीचा हप्ता मालकच भरतात, कामगाराच्या पगारातून त्यासाठी एक सेंट कापता येत नाही. योजनेत येणाऱ्या ठिकाणी काम करत असाल तर तुम्ही विद्यार्थी की वर्क परमिटवाले, याने फरक पडत नाही. आणि कामगाराने क्लेम करू नये म्हणून मालकाने दबाव आणणं, हाच इथे गुन्हा आहे. सुपरवायझरला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

"घरी पडले" म्हटलं असतं तर डॉक्टरची तपासणी सरकारी हेल्थ कार्डावर झालीच असती. पण माझ्या वयाच्या माणसाला फिजिओथेरपी त्या कार्डावर सहसा मिळत नाही. तिचे पैसे आणि बुडालेला पगार, दोन्ही माझ्याच माथी बसले असते. क्लेम मंजूर झाला की फिजिओचा खर्च मंडळ देतं, आणि हातात येणाऱ्या पगाराच्या 85 टक्के भरपाई अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते. अपघाताच्या दिवसाचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा.

क्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाईंनी "कसं लागलं?" विचारलं. "कामावर" म्हणताच त्यांनी फॉर्म 8, म्हणजे डॉक्टरांनी मंडळाला पाठवायचा अहवाल, उघडला. त्याचं शेवटचं पान मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मालकाकडे जातं ते एवढंच पान. त्यात निदान नसतं. किती वजन उचलता येईल, खांद्याच्या वर हात न्यायचा की नाही, किती वेळ उभं राहता येईल, यावर नुसत्या खुणा. मला काय झालंय ते माझ्यात आणि डॉक्टरांत, मी काय करू शकते तेवढं मालकाला! आजारपणात शेजारपाजारच्यांनाही रिपोर्ट दाखवायची सवय असलेल्या घरात मी वाढले. त्या पानाने मला जो मान दिला, तो मी विसरणार नाही.

मंडळाला अपघात कळवायला मालकाने फॉर्म 7 भरायचा, कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत. एचआरच्या बाईंनी आधी सिक लीव्हचाच विषय काढला. मी डॉक्टरांचं पान पुढे केल्यावर मुकाट भरला. फॉर्म 6 कामगाराचा, म्हणजे माझा, त्याला मुदत सहा महिन्यांची. आता मला लेबलं स्कॅन करायचं हलकं काम दिलंय.

हे वाचून कोणी म्हणेल, "आपल्याकडे कुठलं आलंय असलं!" हे मला मान्य नाही. आपल्याकडे भरपाई कायदा 1923 मध्येच आला, ईएसआयचा म्हणजे कामगार विम्याचा 1948 मध्ये. आणि ओझी वाहणाऱ्यांसाठी 1969 मध्ये स्वतंत्र माथाडी कायदा करणारं राज्य महाराष्ट्र आहे, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. माझे काका वाशीच्या मार्केटात माथाडी होते. हमालाच्या हक्काचं भान मला विमानातून उतरल्यावर आलं, असं कोणी समजू नये.

पण काका पाठ धरून कामावर जायचे, आणि घरात त्याचं कौतुक व्हायचं. दुखणं अंगावर काढणारा तो खरा मर्द, हेच आम्ही पाहिलं. कायदे असूनही त्यांच्याकडे जायची आपल्याला लाज वाटते. फोनवर आईही म्हणालीच, "कशाला वाकड्यात शिरतेस? परका देश आहे." परका देश आहे म्हणूनच शिरले. इथे माझा खांदा गेला तर घरभाडं कोण भरणार?

इथेही सगळं गोड नाही. मंडळाच्या निर्णयांविरुद्ध जखमी कामगार दरवर्षी 1 जूनला टोरांटोत क्वीन्स पार्कला, म्हणजे प्रांताच्या विधानसभेपाशी, जमतात. क्लेम नाकारला गेला आणि तुम्ही युनियनमध्ये नसाल, तर ऑफिस ऑफ द वर्कर अ‍ॅडव्हायझर फुकट सल्ला देतं. मालक फॉर्म 7 भरत नसेल तरी थांबू नका, फॉर्म 6 आपला आपण पाठवता येतो. क्लेम नंबर मिळाला की फोनमध्ये लिहून ठेवा, फिजिओकडे पहिल्यांदा तोच विचारतात.