अंगणातला ‘हमिंगबर्ड’ ओळखताना

फेब्रुवारीत भाच्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला: ‘आपल्या वेंगुर्ल्याच्या घरी हमिंगबर्ड!’ फोटोत गुलाबी फुलांपुढे एक काळपट डाग. मुंबईकर नातेवाइकांच्या टाळ्याच टाळ्या. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती, पण रानात सगळ्या अमेरिकेकडच्याच, एवढं मला ठाऊक होतं. मग हा कोण, ते मात्र सांगता येईना. सुट्टीत गेलो आणि पडवीत ठाण मांडलं.

पहिल्याच सकाळी वाटलं, सापडला. जास्वंदीवर शिंजिराचा नर आला, सावलीत काळा आणि उन्हात निळा-जांभळा. आई म्हणाली, “अरे, ती फुलचुखी. रोजच येता.” क्षणभर फुलापुढे फडफडला, मग सरळ फांदीवर बसला आणि फुलाच्या बुडाला चोचीने भोक पाडून रस पिऊन गेला. परागांना शिवलासुद्धा नाही, चोर लेकाचा! हमिंगबर्डचा पंख खांद्यातून फिरतो, हवेत आडवा 8 काढतो. पुढे जाताना आणि मागे येताना, दोन्ही वेळा उचल मिळते. म्हणून तो एका जागी तरंगतो, मागेही उडतो. शिंजिराशी त्याचं जवळचं नातंही नाही. तो पाकोळी पक्ष्याच्या गोतातला.

भाचा ऐकेना. “मामा, माझावाला बसलाच नव्हता. आणि तो गडग्यावरच्या घाणेरीत होता, संध्याकाळी.” हे आधी सांगायला काय झालं होतं?

दोन संध्याकाळी डासांनी फोडून काढलं. फोटो सगळे हललेले. तिसऱ्या दिवशी मोबाइल गडग्याच्या चिऱ्यावर टेकवून स्लो मोशन लावलं. दिवेलागणीच्या जरा आधी तो आला. या फुलावरून त्या फुलावर, कुठेही न टेकता. व्हिडिओ थांबवून मोठा केला तर ‘चोची’च्या मुळाशी दोन मिशा! चोच नव्हतीच, सोंड होती. फूल सोडताना घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली गेली. शेपटी म्हणजे नुसता केसांचा झुपका. हॉक मॉथ, म्हणजे पतंग. क्यूबातला सर्वांत छोटा हमिंगबर्ड जेमतेम 2 ग्रॅमचा, तेव्हा पोराची फसगत साहजिकच.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला. भाच्याने अंगठा दाखवला. त्याच्या प्रोफाइलला मात्र अजून तोच काळपट डाग आहे.