प्रोजेक्टर लावला की डोंगरावर चौकोन

भूभाग तीन मितींत दाखवणारा एक मुक्त प्रोग्राम आम्ही काही जण फावल्या वेळात सांभाळतो. त्यातली उंचीची माहिती बहुतेक एसआरटीएमची, म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानातून रडारने मोजलेली आहे. साधारण दर 30 मीटरला एक नोंद. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोलाचे सर तो वर्गात वापरतात. कोयनेचं खोरं आणि त्याच्या पश्चिमेला कोकणात तुटून पडणारा कडा मुलांनी भिंतीवर फिरवून पाहिला, की समोच्च रेषांचा धडा निम्म्या वेळात होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांची तक्रार आली तेव्हा मला ती लवकर सोडवायची होती.

तक्रार अशी: लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित, पण प्रोजेक्टर जोडला की डोंगरउतारांवर छोटे छोटे चौकोन उमटतात आणि कॅमेरा फिरवला की ते लुकलुकतात. सोबत भिंतीचा मोबाइलवर काढलेला फोटो. मी माझ्या लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडून पाहिलं, खिडकी लहानमोठी करून पाहिलं. काहीच दिसलं नाही. सरांच्या लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड वेगळ्या कंपनीचं होतं आणि तसं माझ्याकडे नव्हतं.

अशा वेळी दूरवरच्या माणसाला प्रश्न विचारत बसण्यापेक्षा त्याच्या यंत्रावर जे घडलं ते जसंच्या तसं मागवावं, हे मी एपीआयट्रेसमुळे शिकलो. हे जोझे फोन्सेका यांनी सुरू केलेलं मुक्त साधन. ते प्रोग्राम आणि ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्या मध्ये बसतं आणि ओपनजीएलचा (ड्रायव्हरला चित्र काढायला सांगण्याची ठरलेली भाषा) प्रत्येक कॉल, म्हणजे हुकूम, त्याला दिलेली मूल्यं, परत आलेलं उत्तर आणि कॉलसोबत गेलेला डेटा क्रमाने एका फाइलमध्ये, म्हणजे ट्रेसमध्ये, लिहून ठेवतं. व्यापाऱ्याच्या किर्दीसारखं हे काम आहे: नोंदी क्रमाने आणि पूर्ण असल्या की कुठल्याही क्षणाची शिल्लक काढता येते. फाइलमध्ये चित्र नसतंच. असतात ते चित्र काढण्याचे हुकूम, आणि तेच हुकूम दुसऱ्या यंत्रावर पुन्हा देता येतात, म्हणजे ट्रेस रिप्ले करता येतो.

रेंडरडॉक हे बाल्डर कार्लसन यांचं साधनही मी एरवी आवडीने वापरतो. इथे त्याचा उपयोग नव्हता. ते एखादी फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक पूर्ण चित्र, पकडून ती फार सुंदर उलगडून दाखवतं, पण आमचा दोष प्रोजेक्टर जोडण्याच्या क्षणी सुरू होत होता, म्हणजे सुरुवातीपासूनचा सगळा प्रवास हवा होता. शिवाय आमच्या प्रोग्रामात जुन्या धाटणीचे ओपनजीएल कॉल अजून शिल्लक आहेत आणि रेंडरडॉक ओपनजीएल 3.2 च्या कोअर प्रोफाइलच्या (जुने कॉल वगळलेल्या रूपाच्या) आधीचं काही घेत नाही.

सरांना फोन केला. त्यांच्या लिनक्सवर एपीआयट्रेस नेहमीच्या पॅकेजमधून बसलं. टर्मिनलमध्ये एपीआयट्रेस ट्रेस आणि पुढे आमच्या प्रोग्रामचं नाव, एवढंच लिहायचं होतं. प्रोग्राम चालला, पण फाइल तयारच झाली नाही. कारण नंतर ध्यानात आलं: त्यांचं डेस्कटॉप सत्र वेलँडचं (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था), तिथे आमचा प्रोग्राम ईजीएलमार्फत ओपनजीएल उघडतो आणि एपीआयट्रेस स्वतःहून जीएलएक्सच्या, म्हणजे जुन्या, वाटेवर पाळत ठेवून बसतं. एपीआयच्या पर्यायात ईजीएल सांगितल्यावर फाइल आली. कुणाला ट्रेस मागताना ही गोष्ट आधीच सांगावी, समोरच्याचा वेळ वाचतो.

आणखी एक गोष्ट मी फोनवरच स्पष्ट केली. "सर, या फाइलमध्ये तुम्ही प्रोग्रामात जे उघडाल ते सगळं येईल. तुमची स्वतःची छायाचित्रं, शाळेचे नकाशे असतील तर तेही. दुसऱ्या खिडक्यांमधलं काही येत नाही, पण आमच्या खिडकीतलं सगळं येतं." ट्रेसमधून प्रत्येक टेक्स्चर, म्हणजे कार्डाकडे दिलेलं चित्र, पूर्ण बाहेर काढता येतं. देणाऱ्याला हे माहीत नसेल तर ट्रेस मागणं मला योग्य वाटत नाही. सर म्हणाले, "मग मी फक्त कोयनेचं खोरं उघडतो."

तरीही पहिली फाइल कित्येक गीगाबाइटची झाली, कारण त्यांनी खोऱ्यात बराच वेळ फेरफटका मारला होता आणि जसजसा नवा भाग दिसेल तसतशी नवी टेक्स्चर कार्डाकडे जातात. गावातल्या नेटवर ती चढणार नव्हती. एपीआयट्रेसमध्ये ट्रिमची सोय आहे, पण शेवटच्या फ्रेम तेवढ्या कापून घेतल्या तर त्यांना लागणारी टेक्स्चर आणि शेडर (कार्डावर चालणारे, रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) सुरुवातीच्या कॉलमध्येच मागे राहतात आणि रिप्लेत काळा पडदा येतो. त्याहून सोपं म्हणजे पुन्हा, पण आटोपशीर नोंद करणं: छोटा भाग उघडा, कॅमेरा हलवू नका, प्रोजेक्टर जोडा, चौकोन दिसले की बंद करा. ट्रेस लिहिताना स्नॅपी ही फाइल आवळण्याची पद्धत वापरतात, ती वेगासाठी. नंतर रिपॅक करताना ब्रॉटली ही दुसरी पद्धत निवडली की फाइल आणखी आवळते. तेवढी फाइल शाळेच्या नेटवरून आली.

मी ती माझ्या लॅपटॉपवर रिप्ले केली. डोंगर स्वच्छ, एकही चौकोन नाही.

या टप्प्यावर बरेच जण ड्रायव्हरला दोष देऊन मोकळे होतात. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. तेच हुकूम दोन कार्डांवर वेगळं चित्र देत असतील तर दोन शक्यता उरतात: ड्रायव्हर चुकतो आहे, किंवा हुकूमच असे आहेत की नियमाने त्यांचा परिणाम ठरलेला नाही आणि प्रत्येक कार्ड आपापल्या परीने वागतं आहे. मी सरांना तीच फाइल घरी, प्रोजेक्टर न जोडता रिप्ले करायला सांगितली. चौकोन आले! प्रोजेक्टर, त्याची केबल, वर्गातलं वायरिंग, सगळं एका फटक्यात निर्दोष ठरलं, कारण खिडकीचा आकार बदलल्याचे परिणामही कॉलच्या रूपाने फाइलमध्येच होते.

मग तिसरा साक्षीदार घेतला. मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचात एलएलव्हीएमपाइप नावाचा ड्रायव्हर आहे. तो ग्राफिक्स कार्डाला हात न लावता सगळं चित्र प्रोसेसरवर काढतो. एक पर्यावरण चल लावून मी रिप्ले त्याच्यावर चालवला. चौकोन नव्हते, पण उतारांवरच्या सावल्या एका बाजूला फराटल्यासारख्या दिसल्या. तीन ठिकाणी तीन चित्रं. माझा संशय ड्रायव्हरवरून उठून आमच्याच कॉलवर स्थिरावला.

एक अडचण अशी की रिप्ले चालताना एपीआयट्रेस ओपनजीएलच्या त्रुटी तपासतं आणि काही चुकलं तर कॉलच्या नावासह इशारा छापतं. इथे एकही इशारा नव्हता. नियमाप्रमाणे सगळे हुकूम वैध होते.

आता सरांची मदत पुन्हा लागली. डम्प-इमेजेस या आज्ञेला कोणत्या कॉलनंतर चित्र साठवायचं ते सांगता येतं. बिघडलेल्या एका फ्रेमपुरतं, प्रत्येक ड्रॉ कॉलनंतरचं (प्रत्यक्ष काही रंगवणाऱ्या कॉलनंतरचं) चित्र त्यांनी त्यांच्या लॅपटॉपवर काढून पाठवलं. मी तीच चित्रं माझ्याकडे काढली आणि जोड्या लावल्या. जमीन: दोन्हीकडे सारखी. सावल्यांचा कच्चा थर: सारखा. सावल्या मऊ करण्यासाठी ब्लरची पहिली फेरी: इथे सरांकडे चौकोन, माझ्याकडे नाहीत. फ्रेममधल्या शेकडो कॉलमधून एकच ड्रॉ कॉल समोर उभा राहिला.

क्यूएपीआयट्रेस ही याची खिडकीवाली बाजू. तिथे त्या कॉलवर जाऊन स्थिती मागितली की साधन सुरुवातीपासून तिथपर्यंत रिप्ले करतं आणि त्या क्षणी ओपनजीएलची काय अवस्था होती ते दाखवतं: मूल्यं, शेडरचा मजकूर, युनिफॉर्म (शेडरला बाहेरून दिलेली मूल्यं), जोडलेली टेक्स्चर, फ्रेमबफर (चित्र जिथे लिहिलं जातं ती जागा). मी आधी शेडर वाचला, त्यात काही वावगं नव्हतं. मग शेडर ज्यातून वाचतो आहे त्या टेक्स्चरचा क्रमांक पाहिला: 21. फ्रेमबफरला लिहिण्यासाठी जोडलेलं टेक्स्चर पाहिलं: तेही 21.

ज्यातून वाचायचं त्यातच लिहायचं, याला फीडबॅक लूप म्हणतात. ओपनजीएलमध्ये त्याचा परिणाम अनिश्चित असतो आणि त्रुटीही येत नाही. वेबजीएलमध्ये हाच प्रकार केला तर सरळ त्रुटी मिळते. ती शिस्त मला फार मोलाची वाटते. ग्राफिक्स कार्ड चित्र तुकड्यातुकड्यांनी रंगवतं आणि वाचलेली टेक्स्चर आपल्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या छोट्या स्मृतीत, ठेवतं. काही तुकड्यांना जुनी मूल्यं मिळतात, काहींना शेजारच्या तुकड्याने नुकतीच लिहिलेली. सरांच्या कार्डावर त्याचे चौकोन झाले. माझ्या कार्डावर ब्लर किंचित जास्त मऊ झाला, जो डोळ्याला कळणं शक्य नव्हतं.

ब्लरला खरं तर दोन टेक्स्चर लागतात, एकातून वाचून दुसऱ्यात लिहायला आणि मग उलट. मी ट्रेसमध्ये मागे गेलो. खिडकीचा आकार बदलतो तिथे दोन्ही जुनी टेक्स्चर पुसली जातात, 21 आणि 22 अशी दोन नवी तयार होतात, पहिल्या फ्रेमबफरला 21 जोडलं जातं आणि दुसऱ्यालाही 21. टेक्स्चर 22 त्यानंतर फाइलमध्ये कुठेही वापरलेलं नाही. सुरुवातीला प्रोग्राम उघडतानाच्या कॉलमध्ये मात्र जोडी बरोबर लागलेली होती. म्हणूनच लॅपटॉपवर नुसता उघडला तर दोष नव्हता.

यानंतरची पायरी मला या साधनात सर्वात प्रिय आहे. कोडला हात लावण्याआधीच निदान पडताळता येतं. क्यूएपीआयट्रेसमध्ये त्या एका कॉलचं मूल्य बदलून मी 21 च्या जागी 22 केलं, बदललेली फाइल जतन केली आणि सरांकडे पाठवली. त्यांनी रिप्ले केली आणि लगेच फोन आला. "अहो, गेले की चौकोन! कडा एकदम स्वच्छ." प्रोग्राम पुन्हा बांधला नव्हता, काही नवं बसवलं नव्हतं. लाखो कॉलमधला एक आकडा बदलला होता, आणि कारण तेच होतं याबद्दल शंकेला जागा उरली नाही. कोडमधली दुरुस्ती मग एका ओळीची होती.

हा ट्रेस चाचणीसाठी ठेवायचं ठरलं तेव्हा आमच्या गटात थोडी चर्चा झाली, कारण इथे घोटाळा होऊ शकतो. जुना ट्रेस रिप्ले केला की त्यात जुनेच कॉल चालतात, त्यामुळे तपासला जातो तो ड्रायव्हर. मेसाचे लोक नेमक्या त्याच कामासाठी आपल्या स्वयंचलित चाचण्यांत ट्रेस वापरतात. आमचा स्वतःचा कोड तपासायचा तर प्रत्येक आवृत्तीचा ट्रेस नव्याने नोंदवायला हवा. आता आम्ही तसंच करतो: प्रोग्राम उघडायचा, खिडकीचा आकार बदलायचा, बंद करायचा. मग एपीआयट्रेसच्या डम्पमधून कॉलचा मजकूर काढायचा, आणि एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक ड्रॉ कॉलपाशी वाचायचं आणि लिहायचं टेक्स्चर एकच तर नाही ना हे पाहते. ती पहिल्यांदा चालवली तेव्हा दरीतल्या धुक्याच्या थरातही अगदी असाच एक लूप सापडला. त्याची तक्रार कुणाकडूनच आलेली नव्हती.