निकाल लागला, पण सातबाऱ्यावरची ओळ तशीच

आमच्या जमिनीवर चुलत्यांनी टाकलेला वाटणीचा दावा ११ वर्षं चालला. मागच्या उन्हाळ्यात कोर्टानं तो फेटाळला, घरी पेढे आले, दादा (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो) त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले. मला वाटलं आता सुटलो. जूनमधी पीककर्जाचं नवंजुनं करायला बँकेत गेलो तर साहेबांनी सातबारा समोर सरकवला अन् इतर हक्काच्या रकान्यात बोट ठेवलं, तिथं 'दिवाणी दावा प्रलंबित' अजून तसंच, खाली फेरफाराचा (सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीचा) नंबर. पेरणी तोंडावर, सोयाबीनचं बियाणं शेवटी उसनवारीवर आणलं.

तेव्हा वकिलांनी समजावलं ते सगळ्यांना माहीत पाहिजे म्हणून लिहितोय. कोर्ट निकाल देतं, पण सातबारा महसूलवाले लिहितात. नोंद फेरफारानं चढली की फेरफारानंच उतरते, अन् त्यासाठी अर्ज आपणच द्यायचा, कोर्टाकडून आपोआप काही येईल म्हणून वाट बघत बसू नका. आणखी एक, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ दावा चालू असताना जमीन विकायला सरसकट बंदी करत नाही, फक्त घेणाऱ्याला निकाल बंधनकारक राहतो. पण गावात ती ओळ बघितली की गिऱ्हाईक पाठ फिरवतं, हे आम्ही ११ वर्षं भोगलं.

आधी निकाल अन् हुकूमनामा (निकालावरून कोर्ट काढतं ती डिक्री) दोन्हीची सही-शिक्क्याची नक्कल काढा. नकलेच्या मागं अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी हातात दिली या तारखा असतात, त्या जपा. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस असते अन् समोरच्याची मुदत मोजताना त्याच्या नकलेत गेलेले दिवस धरत नाहीत. म्हणून एकतिसाव्या दिवशी तलाठ्याकडं पळत जाऊ नका. आम्ही थोडं थांबलो, मग अपील नसल्याचा दाखला घेतला. अपील झालं असतं तर दावा संपला असं म्हणताच येत नव्हतं.

मग तलाठ्याकडं अर्ज, सोबत नकला, दाखला, चालू सातबारा अन् ज्या फेरफारानं नोंद लागली त्याची नक्कल. ही शेवटची आम्ही आधी जोडलीच नव्हती, त्यात एक चक्कर वाया गेली. अर्जाची पोच मात्र घ्याच, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. फेरफार धरला, नोटिसा निघाल्या, हरकतीचे १५ दिवस गेले, चुलते आले नाहीत, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली.

नवा सातबारा दादांनी खिडकीजवळ नेऊन वाचला, इतर हक्काच्या रकान्यावरून दोनदा बोट फिरवलं, मग आजोबांच्या खासरा पत्रकाच्या (जमिनीच्या जुन्या नोंदीच्या कागदाच्या) पिशवीत ठेवला.

शेजारच्या मळ्यातल्या काकांचा दावाही निकाली निघालाय, ओळ अजून तशीच. सोमवारी त्यांच्यासोबत नकलेचा अर्ज द्यायला अंबडला जायचंय.