तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या कार्डावर तुमची गाडी

फौजेतून निवृत्त होऊन दारव्हा तालुक्यातल्या गावी परत आलो, तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच. "सुभेदार, तुम्हाले कँटीनमधून गाडी स्वस्तात भेटते म्हनते. तुमच्या कार्डावर मले एक काढून द्या नं. पैसे रोख देतो." विचारणारे परके नसतात. कोणी मावसभाऊ असतो, कोणी शाळेत एका बाकावर बसलेला. मी नाही म्हणतो. मग "काऊन बाप्पा?" म्हणून चेहरे पडतात. त्या काऊनचं उत्तर एकदा सविस्तर देतो.

सीएसडीची, म्हणजे फौजेच्या कँटीनची गाडी स्वस्त पडते याचं मोठं कारण म्हणजे सरकार तिच्यावरचा निम्मा जीएसटी सोडतं. शोरूम तेच आणि गाडीही तीच. पण अर्ज माझ्या कार्डावर, पैसे माझ्या खात्यातून आणि नोंदणी माझ्या नावावर. किंमत किती आणि इंजिन केवढं, यालाही हुद्द्याप्रमाणे मर्यादा आहे. ही सवलत जवानाच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. ती दुसऱ्याला विकणं मला पटत नाही, नात्यातल्या माणसाला तर मुळीच नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे निम्म्या करातली बचतही पूर्वीएवढी राहिली नाही.

पण माझ्या नकाराचं खरं मूळ एका मोटरसायकलीत आहे.

महार रेजिमेंटचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे. तिथं पोस्टिंगवर असताना मी कँटीनमधून मोटरसायकल घेतली. नंबर एमपी-१५. २०१४ मध्ये जम्मूची बदली आली, तेव्हा ती रेल्वेनं नागपूरला पाठवली. पार्सल ऑफिसात पेट्रोलची टाकी थेंबभरही न ठेवता रिकामी करावी लागते. गोणपाटात गुंडाळायची, नाव-पत्त्याची पट्टी बांधायची, आरसीची झेरॉक्स द्यायची. ते सगळं मी मन लावून केलं. खरं काम मात्र राहून गेलं. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर सागरच्या आरटीओतून एनओसी घ्यायची, म्हणजे फॉर्म २८, ती घेतलीच नाही. सुट्टी संपत आली होती. गावातल्या एका ओळखीच्या माणसाला गाडी विकली, शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून घेतलं, मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. नावावर करून घेतो म्हणाला. मी रेल्वेत बसून जम्मूला गेलो.

त्यानं नावावर केली नाही. विमाही संपू दिला. दीड वर्षानं दारव्हा-कारंजा रस्त्यावर त्याच मोटरसायकलीनं शेजारच्या गावच्या एका सालगड्याला उडवलं. पाय मोडला त्याचा. अपघात दाव्याची नोटीस आरसीवरच्या नावाला आली, म्हणजे मला, म्हणजे आमच्या घरी. मी बर्फात आणि माझे बाबा सोयाबीन सोंगणी सोडून एसटीनं यवतमाळच्या कोर्टात. वकिलानं त्यांना सांगितलं की स्टँपपेपरला काही अर्थ नाही, कायद्यानं मालक तोच ज्याचं नाव नोंदणीत आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका खटल्यात हेच सांगितलं. त्यात गाडी कितीतरी हात फिरली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच आली.

शेवटी तडजोडीत सत्तर हजार रुपये मी भरले. ते त्या सालगड्याला मिळाले याचं मला काही वाईट वाटत नाही, पाय त्याचा मोडला होता. पण बाबा सहा तारखांना गेले. एकदाही फोनवर बोलले नाहीत की थकलो म्हणून. ते अजून छातीत आहे.

नायब सुभेदार झाल्यावर २०२२ मध्ये कार घेतली, तेव्हा बीएच, म्हणजे भारत मालिकेचा नंबर घेतला. ही मालिका सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. फौजेतला माणूस तीन वर्षं इथं, तीन वर्षं तिथं. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, तिथला कर भरावा लागतो आणि आधीच्या राज्याकडून परतावा मागत फिरावं लागतं. बीएचमध्ये कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि नंबर देशभर तोच. सेवेत असलेल्या पोरांनी हीच घ्यावी, असं मी सांगतो.

बदलीत गाडी हलवायचा खर्चही पगाराच्या लेव्हलप्रमाणे मिळतो. लेव्हल सहापासून वर, म्हणजे नायब सुभेदारापासून, कार किंवा मोटरसायकल. हवालदारापर्यंत फक्त दुचाकी. हवालदारानं कार घेतली तर ती हलवायचा खर्च त्याच्याच खिशातून. घेण्याआधी हा हिशेब घरी करावा. कॅरिअर ट्रकवर चढवताना गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडा लिहून घ्या आणि फास्टॅग उतरवून ठेवा, नाहीतर ट्रक टोलवरून जाताना पैसे तुमचे कटू शकतात. डिकीत भांडी-गाद्या भरू नका.

मागच्या महिन्यात माझ्या साळ्यानं कामठीच्या एका जवानाकडून त्याची जुनी कार घ्यायची ठरवली. एमएच-३१, कर्ज फिटलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. मी त्याच्यासोबत गेलो. त्या पोराला आधी बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणायला लावलं. गाडी नावावर होईपर्यंत किमतीतले वीस हजार मागे ठेवले. तो पोरगा जरा नाराज झाला. त्याला लडाखला निघायची घाई होती. मी त्याला माझ्या बाबांचं सांगितलं, तेव्हा सुट्टीतले दोन दिवस त्यानं आरटीओत घालवले. परवा मोबाईलवर आरसीत साळ्याचं नाव दिसलं. त्याच संध्याकाळी वीस हजार पाठवले आणि त्या पोराला फोन करून म्हटलं, आता बेफिकीर जा.